लोहमार्गाची पदके आणि त्यांवर नसलेली नावे

(कापूरहोळ येथे शिक्षक, ग्रामपंचायतींचे सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गावाला रेल्वे नाही त्या गावी येऊन रेल्वेविषयी बोलणे हे एक धाडसच होय. कापूरहोळ हे रस्त्यांचे गाव आहे. समोरून पुणे-सातारा महामार्ग वाहतो, पश्चिमेस भोरची वाट फुटते आणि पूर्वेस नारायणपूर-सासवडची. आगगाडीची शिटी ऐकावयाची तर डोंगर ओलांडून जेजुरी किंवा नीरा गाठावी लागते. त्या पुणे-मिरज मार्गावरही १९७१ पर्यंत लहान रुळांची, म्हणजे मीटरगेजची गाडी धावत होती. आपल्यापैकी जे ज्येष्ठ आहेत त्यांनी त्या गाडीतून प्रवास केला असेल.

तथापि विषय निवडताना माझ्या मनात आपल्या तालुक्याचेच नाव होते. इंग्रजी कागदपत्रांत खंडाळ्याच्या घाटाला 'भोर घाट' असे लिहिलेले आढळते. ते वाचून भोरच्या एखाद्या विद्यार्थ्याने छाती फुगवावी, हे स्वाभाविक आहे. वस्तुतः तो घाट बोरघाट. आपल्या भोरचा घाट म्हणजे महाडकडे उतरणारा वरंधा, आणि त्यातून आजवर आगगाडी गेलेली नाही. साहेबाच्या लेखणीने 'ब'ला एक 'ह' जोडला आणि भोर संस्थानाला न मागता एक रेल्वे मिळाली! नावे लिहिताना कशी चुकतात, कशी गळतात आणि कशी उरतात, हाच आजच्या माझ्या बोलण्याचा विषय आहे. रेल्वेच्या पराक्रमांची स्मृती म्हणून जी पदके, नाणी आणि तिकिटे काढण्यात आली, त्यांच्याकडे या दृष्टीने आपण पाहू.

प्रथम एक नाणे आपल्याकडे हातोहाती पाठवीत आहे. हे २००३ साली भारतीय रेल्वेच्या दीडशे वर्षांनिमित्त निघालेले दोन रुपयांचे नाणे. त्यावर हातात कंदील घेतलेला एक हत्ती आहे. हा 'भोलू' नावाचा गार्ड. त्याच प्रसंगी शंभर रुपयांचेही एक नाणे काढण्यात आले. पण ते संग्राहकांसाठी होते, बाजारात फिरले नाही. दोन रुपयांचे मात्र आपल्यापैकी अनेकांच्या खिशातून गेले असेल आणि कोणी त्याकडे पाहिलेही नसेल. कृपया निरखून पाहावे आणि मागील रांगेकडे पाठवावे.

आता नाणे आणि पदक यांत फरक आहे. नाण्याला किंमत असते, तिच्यामागे सरकारचे वचन असते. पदकाला बाजारात किंमत नाही. ते केवळ सांगण्यासाठी असते. अमुक दिवशी अमुक घडले, हे धातूवर सांगून ठेवणे एवढेच त्याचे काम. इटलीतील चित्रकार पिसानेल्लो याने पंधराव्या शतकात बिझँटाइन सम्राटाचे पदक घडविले, तेव्हापासून ही कला युरोपात रुजली असे मानतात. पदकासाठी कलावंत आधी मोठ्या आकारात उठावाचे चित्र तयार करतो. मग एका यंत्राच्या साहाय्याने ते चित्र लहान करून पोलादी ठशावर उतरवितात, ठसा तापवून व थंड करून कठीण करतात आणि धातूची चकती दोन ठशांमध्ये धरून दाबयंत्राने ती 'पाडतात'. उठाव खोल असेल तर एका दाबात काम होत नाही. चकती पुन्हा भट्टीत तापवून मऊ करावी लागते आणि पुन्हा दाबावी लागते. हे काम करणारी टांकसाळ आपल्या राज्यातच, मुंबईच्या फोर्ट भागात आहे. मेजर जॉन हॉकिन्स यांच्या देखरेखीखाली बांधलेली ती इमारत १८२९ च्या सुमारास पुरी झाली आणि तिच्यासाठी वाफेची यंत्रे इंग्लंडहून बोल्टन आणि वॅट यांच्या कारखान्यातून आली. म्हणजे मुंबईत वाफेवर आगगाडी चालण्याच्या सुमारे पाव शतक आधी वाफेवर नाणी पडत होती. आजही तेथे स्मारक नाणी, पदके आणि प्रमाणित वजने तयार होतात.

चकतीवर जागा थोडी असते, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी. तळहाताएवढ्या गोलात एक चित्र, एक तारीख, दोन-तीन नावे. याहून अधिक काही मावत नाही. त्यामुळे पदक घडविणाऱ्यास निवड करावी लागते. ती निवड कोणती होते ते पाहण्यासारखे आहे.

इंग्लंडमध्ये १५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल-मँचेस्टर लोहमार्ग सुरू झाला. पंतप्रधान ड्यूक ऑफ वेलिंग्टन स्वतः हजर होते. त्या दिवसाच्या स्मरणार्थ पदके पाडण्यात आली आणि लोकांनी ती हौसेने घेतली. परंतु त्याच दिवशी, त्याच मार्गावर, विल्यम हस्किसन हे पार्लमेंटचे सभासद 'रॉकेट' या इंजिनाखाली सापडून मृत्यू पावले. सोहळ्याचे ते पदक पाहून कोणाला त्याची कल्पना यावी? पदक हे लग्नातल्या छायाचित्रासारखे असते. त्यात सर्वजण हसत असतात.

आपल्याकडे पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेली. अंतर ३४ किलोमीटर, डबे १४, निमंत्रित सुमारे ४००, आणि गाडी ओढण्यास 'साहिब', 'सिंध' व 'सुलतान' ही तीन इंजिने. एकवीस तोफांची सलामी झाली. ही कथा आपण शाळेत शिकविता, म्हणून ती पुन्हा सांगत नाही. शंभर वर्षांनी, १९५३ मध्ये, टपाल खात्याने दोन आण्यांचे तिकीट काढले व त्यावर १८५३ चे आणि १९५३ चे अशी दोन इंजिने दाखविली. १९७६ मध्ये चार तिकिटांच्या संचात पुन्हा इंजिनेच आली. २००३ च्या नाण्यावर हत्ती आला. इंजिन, इंजिन, आणि मग हत्ती! माणसाची पाळी काही आली नाही, असे मी सहज म्हणून जातो. परंतु हा दोष टपाल खात्याचा वा टांकसाळीचा नव्हे. लहान जागेत इंजिन चांगले दिसते, हे मान्य केले पाहिजे.

ठाण्यापर्यंतचे काम तसे सपाटीचे होते. खरी परीक्षा सह्याद्रीत होती, आणि तिच्याविषयी मी थोडे विस्ताराने बोलणार आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली हे १८५० मध्ये मुंबईस आले. तेव्हा ते तिशीतले तरुण होते. बोरघाटातून मार्ग कसा न्यावा, यासाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी डोंगर वर्षानुवर्षे पायी तुडविला. अखेर ठरलेला मार्ग सुमारे २५ किलोमीटरचा होता आणि तेवढ्या अंतरात त्याला १,८३१ फूट चढावयाचे होते. ३७ फुटांस १ फूट असा चढ, २५ बोगदे, खोल दऱ्यांवर कमानींचे पूल. एका ठिकाणी वळण घेण्यास डोंगरात जागाच नव्हती. तेथे एक 'रिव्हर्सिंग स्टेशन' बांधण्यात आले. गाडी कड्याच्या टोकापर्यंत जाई, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकास जोडीत आणि गाडी उलट दिशेने पुढचा घाट चढे. १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर ते स्टेशन सोडून देण्यात आले.

काम १८५६ च्या आरंभी सुरू झाले. कंत्राटदार होते फॅव्हिएल. त्यांच्याखाली पोटकंत्राटदार, त्यांच्याखाली मुकादम आणि सर्वांत खाली मजूर. मजुरी वरून खाली येईपर्यंत वाटेतच आटत असे. १८५९ च्या प्रारंभी थकलेल्या मजुरीवरून घाटात मोठा दंगा उसळला आणि पुढे फॅव्हिएल यांनी कंत्राट सोडले. त्यांच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आले, ते त्याच वर्षी येथे आल्यावर काही आठवड्यांतच वारले. मग जे घडले ते त्या काळास विलक्षण होते. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट स्वतःकडे ठेवले, ॲडमसन आणि क्लाउझर या दोन अभियंत्यांना कामावर नेमले आणि घाट पुरा करून दाखविला. आज महिला सरपंचाने रस्त्याचे काम पाहिले तरी कोठे कोठे भुवया उंचावतात. येथे तर १८५९ साली, परक्या मुलखात, नुकतीच विधवा झालेली एक स्त्री देशातील सर्वांत अवघड बांधकामाची कंत्राटदार झाली होती.

आणि मजूर? १८६१ च्या प्रारंभी घाटात एका वेळी ४२,००० माणसे राबत होती. आपल्या भोर शहराची सारी वस्ती एकत्र केली तरी एवढी भरणार नाही. त्यांत पुरुष होते, स्त्रिया होत्या, मुलेही होती. उभ्या कड्यावर दोराला लोंबकळत माणसे सुरुंगाची भोके पाडीत. दोर तुटे, दरड कोसळे, सुरुंग अवेळी उडे. त्यांहूनही मोठा घात पटकीने आणि तापाने केला. आठ वर्षांत हजारो माणसे दगावली. इतिहासकारांचे अंदाज वीस हजारांच्या पुढे जातात. त्यांची नावे कोणत्याही कागदावर सलग सापडत नाहीत, कारण ती लिहून ठेवावीत असे कोणास वाटलेच नाही. मजुरीच्या वहीत टोळी असे, मुकादमाचे नाव असे. टोळीतला माणूस मेला तर टोळीचा आकडा एकाने कमी होई, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून निघे.

२१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी घाटमार्गाचे उद्घाटन केले. ते पाहण्यास बर्कली नव्हते. आदल्या वर्षी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ते इंग्लंडमध्ये वारले होते. अवघ्या चार वर्षांनी, १८६७ च्या पावसाळ्यात, खंडाळ्याजवळचा एक मोठा कमानींचा पूल कोसळला. सह्याद्रीच्या पावसाला उद्घाटनाची तारीख ठाऊक नसते.

बर्कली यांच्या स्मरणार्थ मुंबई विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकीचे एक पारितोषिक ठेवण्यात आले. मला हे स्मारक फार आवडते, याचे कारण सांगतो. १८८३ मध्ये पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या एका गरीब विद्यार्थ्याला ते मिळाले. त्या विद्यार्थ्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुढच्याच वर्षी ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. खडकवासल्याच्या तलावावर १९०३ मध्ये बसविलेले आपोआप उघडणारे दरवाजे त्यांचेच. दख्खनच्या कालव्यांवर पाणी गटागटाने व पाळीने वाटण्याची पद्धतही त्यांचीच. भाटघरच्या पाण्यावर ज्यांचा ऊस उभा राहिला, त्या नीरा खोऱ्यातील शेतकऱ्यांना पाळीपाण्याचा अर्थ मी सांगावयास नको. लोहमार्ग बांधणाऱ्याच्या नावाचे पारितोषिक पाणी अडविणाऱ्याच्या हाती पडले. कपाटात ठेवावयाचे पदक काढण्याऐवजी दरवर्षी एका नव्या मुलाचा शोध घेणारे स्मारक उभारणे, ही कल्पना ज्या कोणास सुचली त्याचे कौतुक करावेसे वाटते. आपल्यापैकी ज्यांच्या शाळांत कै. अमुक यांच्या स्मरणार्थ बक्षिसे आहेत, त्यांनी ती बक्षिसे कोणाच्या हाती गेली आणि ती मुले पुढे काय झाली, याची एक वही ठेवली आहे काय? बहुतेक ठिकाणी बक्षीस देणाऱ्याचे नाव फळ्यावर असते. घेणाऱ्याचे त्या दिवसापुरते.

धातूची पदके सोडून आता दगडाच्या पदकांकडे वळू. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आखली. तिचे बांधकाम १८७८ मध्ये सुरू झाले आणि २००४ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. गाडी पकडण्याच्या घाईत आपण मान वर करीत नाही. केली तर दर्शनी भिंतीवर दगडात कोरलेली मुखशिल्पे दिसतील. बहुतेक कंपनीचे संचालक आणि अधिकारी. पण त्यांत जमशेटजी जीजीभॉय आहेत आणि आपले मुरबाडचे नाना, म्हणजे जगन्नाथ शंकरशेट, आहेत. मुंबईत रेल्वे यावी म्हणून ज्यांनी प्रथम खटपट केली, त्यांत हे दोघे अग्रभागी होते. शाळेची सहल मुंबईस नेणाऱ्या शिक्षकांनी मुलांना तेथे पाच मिनिटे थांबवून हे दोन चेहरे शोधावयास सांगावे. मुले शोधतात, आपल्या आधी शोधतात.

श्रमिकांचे स्मारक मुळीच झाले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. स्वित्झर्लंडमध्ये गॉटहार्डचा पंधरा किलोमीटरचा बोगदा १८८२ मध्ये वाहतुकीस खुला झाला. तो खोदताना सुमारे दोनशे कामगार मृत्यू पावले. कंत्राटदार लुई फाव्र हेही काम पुरे होण्यापूर्वी, बोगद्यातच, कोसळून वारले. पुढे दोन्ही बाजूंचे खोदकाम मिळाले तेव्हा त्या भोकातून सर्वांत आधी पलीकडे गेली ती फाव्र यांचे छायाचित्र ठेवलेली पत्र्याची पेटी. हे हृद्य आहे, यात शंका नाही. परंतु विन्चेंझो वेला या शिल्पकाराला त्या दोनशे कामगारांची आठवण झाली. त्याने एका मृत कामगाराला डोलीवरून बाहेर आणणारे सोबती, असे मोठे उठावशिल्प घडविले आणि त्याला 'श्रमाचे बळी' हे नाव दिले. कोणी ते मागितले नव्हते, कोणी त्याचे पैसे कबूल केले नव्हते. बोगद्याच्या तोंडाशी, ऐरोलो येथे, त्याचे ब्राँझ उभे राहण्यास १९३२ साल उजाडावे लागले. वेला यांना जाऊन तेव्हा चाळीस वर्षे झाली होती.

आपल्याकडे कोकण रेल्वेने हे काम अधिक लवकर केले, ही समाधानाची गोष्ट आहे. १९९० मध्ये रोह्यास तिची पायाभरणी झाली, १९९८ च्या प्रजासत्ताक दिनी संपूर्ण मार्गावर गाडी सुरू झाली. करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल, ही तिची नवले आपण वाचली आहेत. टपाल खात्याने १९९८ मध्ये तिचेही तिकीट काढले. परंतु या कामात प्राण गमावलेल्यांसाठी रत्नागिरीस श्रमशक्ती स्मारक उभारण्यात आले. रत्नागिरीस गाडी थांबली आणि वेळ असला, तर ते पाहून घ्यावे.

बोरघाटातून खाली उतरले की कर्जतच्या पुढे वांगणी लागते. १७ एप्रिल २०२१ रोजी त्या स्थानकावर एक लहान मूल आईच्या हातून सुटून रुळांवर पडले आणि समोरून गाडी येत होती. मयूर शेळके या पॉइंट्समनने रुळांवरून धावत जाऊन मुलाला फलाटावर टाकले व स्वतः उडी घेतली. रेल्वेने ५०,००० रुपयांचे बक्षीस दिले. त्यांतील निम्मी रक्कम त्यांनी त्या मुलासाठी देऊ केली. पहिल्या गाडीचा वाढदिवस आदल्या दिवशी होऊन गेला होता. वाफेचे, विजेचे, वेगाचे पराक्रम मोजता येतात, म्हणून ते पदकावर चांगले बसतात. हे काही सेकंदांचे काम कोणत्या आकड्यात मांडावे?

आता माझ्या पाहण्यातली एक गोष्ट. काही वर्षांपूर्वी कार्यालयीन कामासाठी मी वेल्ह्याकडील एका वाडीत गेलो होतो. एक वृद्ध गृहस्थ भेटले. उमेदीची वर्षे त्यांनी मुंबईच्या एका स्थानकावर हमाल म्हणून काढली होती. मी माहिती खात्याचा माणूस, हे कळल्यावर त्यांनी विचारले, "साहेब, आमचं पण काही लिहून घेता का?" मी बसलो. त्यांनी दंडावर बांधावयाच्या पितळी बिल्ल्याची गोष्ट सांगितली. बिल्ला थोरल्या मुलाकडे गेला होता. त्यावर नाव नव्हते, केवळ क्रमांक होता. तो क्रमांक त्यांनी मला दोनदा सांगितला आणि कागदावर बरोबर उतरला आहे ना, हे पाहून घेतले. मग म्हणाले, "गाडीवाले नावानं कधी हाक मारत नव्हते. हा नंबर मारला की मी वळून बघायचो. अजून बघतो." त्यांना मी त्यांचे पूर्ण नाव, गाव आणि कामाची वर्षे विचारून घेतली. त्या दिवशीच्या माझ्या दौऱ्याच्या अहवालात या मजकुराला रकाना नव्हता. तो मी माझ्या स्वतःच्या वहीत ठेवला आहे.

पदक हा मानाचा, बिल्ला हा ओळखीचा. दोन्ही धातूचेच. एक टांकसाळीत पडतो आणि मखमलीच्या पेटीत राहतो, दुसरा दंडावर घामाने काळा पडतो.

पंचायत सदस्यांस एक विनंती आहे. पाझर तलाव, शाळेची खोली, पाण्याची टाकी, जे काही काम आपल्या गावी पुरे होईल त्याची कोनशिला बसेल आणि तीवर मान्यवरांची नावे क्रमाने येतील. क्रम चुकला तर काय होते, हे मी जाणतो. माझी निम्मी नोकरी त्यातच गेली आहे. त्या शिलेला हात लावा, असे मी म्हणत नाही. परंतु कामाचे हजेरीपत्रक दफ्तरात असतेच. त्याची एक प्रत, गवंड्याच्या, बिगाऱ्याच्या, पाणी वाहणाऱ्या बाईच्या पूर्ण नावांसह, शाळेच्या कपाटात ठेवण्यास कोणाचा विरोध होण्याचे कारण नाही. खर्च एका कोऱ्या वहीचा. शिक्षकांनी सातवीच्या मुलांकडून ती सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यावी. नावे मात्र त्या त्या माणसाला विचारून लिहावीत, कारण हजेरीपत्रकात 'भोर'चा 'बोर' आणि 'बोर'चा 'भोर' नेहमीच होत असतो.

दोन रुपयांचे नाणे शेवटच्या रांगेत पोहोचलेले दिसते. बोरघाटाच्या जुन्या मार्गाचा एक नकाशा मी मागील टेबलावर ठेवला आहे; चहाच्या वेळी तो अवश्य पाहावा. रिव्हर्सिंग स्टेशनची जागा त्यावर तांबड्या पेन्सिलीने दाखविली आहे. नाणे तेवढे नकाशाशेजारी ठेवावे, मला ते आणखी एका शाळेत न्यावयाचे आहे.